शिकारी मासे एकत्र ठेवताना या चुका टाळा

चार फुटी टाकी घरी आली की आठवड्याभरात तिच्यात ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना आणि ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगास एकदमच सोडायचे, ही घाई आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत इतक्या घरांत पाहिली आहे की आता टाकी दाखवायला बोलावले तरी जावेसे वाटत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दुकानात दिसणाऱ्या आकारावरून जोड्या ठरवणे. दोन इंचांचा ऑस्कर पूर्ण वाढल्यावर फूटभर होतो, तर सिल्व्हर अरोवाना आणि पंगास तीन फुटांच्या घरात जातात. 4×1.5×1.5 फुटांच्या टाकीत काठोकाठ सुमारे 255 लिटर पाणी मावते आणि वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता त्यातले 220 च्या आसपास उरते. एवढ्यात अरोवाना आणि पंगास यांना जागाच नाही, मग कोणाशी कोणाचे जमेल हा प्रश्न उरतच नाही.

आमच्या तालुक्यातील एका शिक्षकांनी लहानशा ऑस्करसोबत चार पिक्टस कॅटफिश सोडले होते. पिक्टस चार-पाच इंचांवर थांबतो, ऑस्कर थांबत नाही. एके सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा ऑस्करच्या तोंडातून पिक्टसची शेपटी बाहेर दिसत होती. पिक्टसच्या पाठीवरचा आणि छातीच्या परांतला काटा धोका जाणवताच ताठ उभा राहून अडकतो, त्यामुळे तो गिळता येत नाही आणि मागे ओढला तर घसा फाटतो. बैलांवर उपचार करणारे डॉक्टरही येऊन पाहून गेले, परंतु दोन्ही मासे मेले. “भाऊ, सालभर तर दोघं बाजूबाजूनं राह्यले ना!” असे गुरुजी पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते वर्षभर राहिले, कारण तोवर पिक्टस त्या तोंडात मावत नव्हता. म्हणून सोबती निवडताना मोठ्या माशाचे आजचे तोंड न पाहता त्याचे पूर्ण वाढलेले तोंड डोळ्यांपुढे आणावे, आणि काटेरी कॅटफिशच्या बाबतीत ‘जेमतेम मावणार नाही’ एवढ्यावर कधीही समाधान मानू नये.

फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवावा.

दुसरी चूक आपल्या उन्हाळ्याशी निगडित आहे. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू विरघळतो, तर 35 अंशांना तो सातच्या आसपास येतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना दुपारी वीज गेली की फिल्टर आणि हवेचा पंप दोन्ही बंद पडतात, आणि हिवाळ्यात गुण्यागोविंदाने राहणारी गर्दी तेव्हा पृष्ठभागाशी तोंडे उघडून तरंगू लागते. त्यामुळे माशांची संख्या जानेवारीकडे पाहून न ठरवता मे महिन्याकडे पाहून ठरवावी आणि बॅटरीवर चालणारा पंप आधीच आणून ठेवावा.

मी स्वतः या आकाराच्या टाकीत एक सेनेगल बिचिर, एक फायरमाऊथ आणि शिकारी नसलेले चार-पाच सिल्व्हर डॉलर एवढेच सुचवतो. बिचिर पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो, म्हणून पाणी आणि झाकण यांच्यात थोडी जागा सोडावी. मात्र तो फटीतून निसटण्यात पटाईत असल्याने झाकण घट्ट आणि वजनदार हवे. फायरमाऊथ मूळचा मध्य अमेरिकेतला असून आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात त्याचे चांगले निभावते. तो जागेवर हक्क सांगतो, त्यामुळे त्याला सर्वांत शेवटी सोडावे आणि त्याच दिवशी दगडांची मांडणी बदलावी. नव्या टाकीचा फिल्टर पिकायला, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतल्या औषधाने तो दोन दिवसांत पिकतो असे सांगणाऱ्यांकडून मी मासे घेत नाही.

खाद्य म्हणून कोंबडीची आतडी टाकू नयेत, आणि कपाशीवर फवारणी करून आलेल्या हातांनी टाकीला स्पर्शही करू नये, कारण काही कीटकनाशकांचा अत्यल्प अंशसुद्धा माशांना मारतो. वाढलेला मासा नकोसा झाल्यास तो गावच्या तलावात सोडू नये. ज्या दुकानातून आणला, तिथे तो परत घेतील का हे विकत घेतानाच विचारून ठेवावे.