जर्मनीत फायरवॉलचा डबा घेताय? आधी विजेचा हिशेब मांडा

जर्मनीत येऊन घर लागलं, इंटरनेट आलं, की आपल्या आयटीवाल्यांना घरच्या फायरवॉलचा, म्हणजे इंटरनेट आणि घरचं नेटवर्क यांच्यामध्ये बसून ये-जा तपासणाऱ्या डब्याचा, किडा चावतोच. मलाही चावला होता. भारतात परतणाऱ्या एका मित्राचा जुना डेस्कटॉप उचलून आणला, त्यात जादा नेटवर्क कार्ड बसवलं आणि फुकटात काम झालं म्हणून मिरवलं. इथे विजेचा ‘अब्श्लाग’, म्हणजे अंदाजाने ठरवलेला आगाऊ हप्ता, दरमहा ठरावीक कापला जातो, त्यामुळे वर्षभर काही जाणवलं नाही. मग हिशेबाचं पत्र आलं. ४० वॅट चोवीस तास म्हणजे वर्षाला ३५० युनिट. युनिटला ३५ सेंट धरले तरी १२० युरोंच्या वर. फुकटच्या डब्याचे!

म्हणून प्रोसेसर नंतर, वॅट आधी. आणि त्याच्याही आधी भिंतीतून कुठली लाइन येते ते बघा. १ ऑगस्ट २०१६ पासून इथे कंपनीचाच राउटर वापरायची सक्ती नाही, पण फायरवॉलच्या डब्यात मोडेम नसतो. डीएसएल (टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट) असेल तर वेगळा मोडेम घ्या, नाहीतर फ्रिट्झबॉक्स (मोडेम आणि राउटर एकत्र असलेली पेटी) फायरवॉलच्या पुढे राहू द्या. घरचा फोनही तिच्यावरच चालतो. फक्त तिचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं तर घरातले सगळे मोबाईल फायरवॉलच्या बाहेर, आणि तुम्ही आत नियम लिहीत बसलेले. वायफायसाठी फायरवॉलच्या मागे वेगळा ॲक्सेस पॉइंट लावा. डॉइच टेलिकॉम कंपनीच्या डीएसएलवर व्हीलॅन ७ (डेटाला लावायचा नेटवर्कचा क्रमांक) लागतो, तो मोडेमने किंवा फायरवॉलने एकानेच लावायचा.

केबलची लाइन असेल तर डीएस-लाइट (एकच आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची पद्धत) आहे का ते विचारा. असेल तर तुमच्या वाट्याला स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे इंटरनेटवर बाहेरून तुमचं घर गाठायचा जुन्या पद्धतीचा क्रमांक, येत नाही. सुट्टीत पुण्याहून घरच्या नेटवर्कमध्ये व्हीपीएनने (बाहेरून करायच्या सुरक्षित जोडणीने) शिरायचा बेत असेल, तर तिथेच अडू शकेल. महागडा डबा आणून ते सुटत नाही.

आता डबा. माझी पहिली पसंती जुन्या फुजित्सू फुट्रो एस९२० ला. ऑफिसांतून निवृत्त झालेला हा थिन क्लायंट (सर्व्हरला जोडून वापरायचा छोटा संगणक) क्लाइनआनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइटवर सापडतो. पंखा नाही, वीज दहाएक वॅट. लॅन पोर्ट मात्र एकच, आणि फायरवॉलला आत-बाहेर असे दोन लागतात, म्हणून आडवं नेटवर्क कार्ड बसवायचा रायझर (जोडपट्टी) सोबत आहे का ते विकणाऱ्याला आधीच विचारा. कार्ड इंटेलचंच घ्या: ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं आणि तिथे रिअलटेकच्या कार्डांशी फारसं जमत नाही. किमतीपुढे ‘फाउ-बे’ (VB) लिहिलं असेल तर घासाघीस चालते, लाजू नका.

२५० एमबीपीएसच्या डीएसएलला एवढा डबा पुरतो. घरात गिगाबिट फायबर आलं असेल आणि जोडणी पीपीपीओईची (नाव-पासवर्ड देऊन लाइन चालू करायची पद्धत) असेल, तर मात्र जपून. त्यात येणारा सगळा भार बहुधा एकाच कोअरवर पडतो, चार मंद कोअर असून उपयोग नाही. तिथे चार २.५ गिगाबिट पोर्टांचा एन१०० (इंटेलचा कमी विजेवर चालणारा प्रोसेसर) असलेला मिनी पीसी घ्या. त्याचं ॲल्युमिनियमचं कवच हेच उष्णता बाहेर टाकतं, तेव्हा बुटांच्या बंद कपाटात ठेवू नका. आमच्याकडे तो पॅसेजमध्ये भिंतीवर टांगलाय, आणि बायको त्यावर हातमोजे वाळवते.