पत्रिका छापायला देताय? आधी 'ऱ्या' तपासा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या छापखान्यात मजकूर द्यायचा, तर हल्ली कोण टंकत बसतो? फोनच्या कीबोर्डवर माइक दाबायचा, भाषा मराठी ठेवायची आणि बोलायचं. निम्मं काम तिथंच होतं. विरामचिन्हं आणि आडनावं मात्र हातानं नीट करा. पाहुण्यांच्या नावात चूक झाली तर वर्षभर ऐकावं लागतं.

खरी गोची पुढं आहे. 'पन्हाळ्याच्या दऱ्या' म्हणायचं असतं आणि कागदावर 'दर्या' येतो, म्हणजे डोंगराचा थेट समुद्र! इथं साधा र नव्हे, नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ लागतो. संगणकावर इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत शिफ्ट दाबून जे, मग शिफ्ट सोडून डी (हलन्त), मग य. 'दुसऱ्या', 'वऱ्हाड' यांतही तोच ऱ.

दुकानात पेजमेकरसारखं पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर असेल तर युनिकोड मजकूर (फोनवर तयार होतो तो) तसाच चालत नाही, जुन्या फॉन्टमध्ये बदलावा लागतो आणि त्यात जोडाक्षरं मोडू शकतात. म्हणून मजकुरासोबत पीडीएफही पाठवा, म्हणजे ताडून बघायला मूळ रूप समोर राहतं. आणि कच्ची प्रत मोबाइलवर नको, कागदावर मागून घ्या. घरातल्या आजीला वाचायला द्या, तिला चूक लगेच दिसते.