क्योटोत चिकन रामेन खायला जाताना

क्योटो म्हटलं की हलकं, बेताच्या चवीचं, देखणं जेवण आठवतं. पण याच शहराच्या ईशान्येला, इचिजोजी आणि किताशिराकावा परिसरात, कोंबडीचा इतका दाट रस्सा मिळतो की चमचा फिरवतानाही जड लागतो. डुकराचं मांस चालत नाही म्हणून आपली कितीतरी मंडळी जपानला जाऊन रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, न खाता परत येतात. त्यांनी थोडी तयारी करून इकडे जरूर वाट वाकडी करावी.

आधी दुकान ठरवा. शहरातल्या देमाचियानागी स्टेशनहून एइझान रेल्वेची छोटी गाडी पकडली की तिसरं स्टेशन इचिजोजी. क्योटो विद्यापीठ जवळच असल्यामुळे हा विद्यार्थ्यांचा भाग आहे आणि रामेनची दुकानं हाकेच्या अंतरावर आहेत. त्यातलं ‘गोक्केई’ अतिदाट चिकन रश्शासाठी ओळखलं जातं. जवळच किताशिराकावात ‘तेन्का इप्पिन’चं मूळ दुकान आहे. १९७१ साली हातगाडीवर सुरू झालेल्या या नावाच्या शाखा आज जपानभर आहेत. तिथे ‘कोत्तेरी’ मागितलं तर दाट आणि ‘अस्सारी’ मागितलं तर पातळ रामेन येतं. पहिल्यांदा जात असाल तर कोत्तेरीच घ्या. पातळ रामेन इतरत्रही चांगलं मिळतं.

कोंबडीचा रस्सा दोन तऱ्हेचा असतो, एवढं माहीत असलं की मेन्यू वाचणं सोपं जातं. मंद आचेवर, खळखळू न देता काढलेला नितळ रस्सा म्हणजे ‘तोरी चिंतान’. मोठ्या आचेवर तासन् तास उकळून पांढरट, दाट केलेला तो ‘तोरी पाइतान’. हाडांतून आणि कोंबडीच्या पायांतून उतरलेला चिकटपणा आणि वर सुटलेली चरबी जोरदार उकळीने एकजीव होते, म्हणून पाइतान दुधाळ दिसतो. या पायांना तिथे ‘मोमिजी’ म्हणतात, म्हणजे मेपलचं पान. पंजा पसरलेला बघितला की नाव लगेच पटतं. आणखी एक गोष्ट आपल्याला चटकन कळेल: मोठ्या पातेल्यात शिजतो तो साधारण अळणी रस्सा. मीठ आणि सोया सॉसची चव ‘तारे’ नावाच्या अर्कातून येते. तो आधी वाडग्याच्या तळाशी घालतात आणि वरून रस्सा ओततात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रस्सा कोंबडीचा असला तरी वर येणारे मांसाचे काप, म्हणजे ‘चाशू’, बहुधा डुकराचे असतात. काही दुकानं रश्शातही डुकराची हाडं मिसळतात. म्हणून ऑर्डर देण्याआधी विचारा: ‘सूपु नि बुता वा हाइत्ते इमासु का?’ म्हणजे रश्शात डुकराचं काही आहे का. काप नको असतील तर ‘चाशू नुकी दे ओनेगाइशिमासु’ म्हणा. ही दोन्ही वाक्यं फोनवर जपानी लिपीत ठेवली तर गर्दीच्या वेळी दाखवणं सोपं पडतं. सोबत कुणी शाकाहारी असेल तर त्यांना आग्रह करू नका. नुसत्या नूडल्स काढून घेण्यासारखा हा पदार्थ नाही.

दारावर ‘नोरेन’ हा कापडी पडदा लटकत असेल तर दुकान उघडं आहे. वेळ संपण्याची वाट बघू नका, कारण रस्सा संपला की काही दुकानं लवकर बंद होतात. बऱ्याच ठिकाणी दाराशी तिकिटाचं यंत्र असतं: पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी काउंटरवर द्या. अक्षरं कळत नसली तर वरचं डावीकडचं बटण सहसा त्या दुकानाच्या खास रामेनचं असतं. सुटे पैसे आणि हजार येनच्या नोटा जवळ ठेवा. २०२४ च्या जुलैत आलेल्या नव्या नोटा जुन्या यंत्रांत चालतीलच असं नाही. आपल्याकडच्यासारखं ‘वन बाय टू’ इथे करू नये, माणशी एक वाडगा घ्यावा. लसूण हवा का विचारतील तेव्हा ‘निन्निकु’ हा शब्द कानावर येईल.

वाडगा समोर आला की फोटो एकच काढा, कारण गरम रश्शात नूडल्स मिनिटागणिक मऊ होत जातात. आधी चमच्याने नुसता रस्सा घ्या, काही न घालता. तिखट मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) किंवा लसूण अर्धा वाडगा संपल्यावर घाला, तोवर मूळ चव कळू द्या. मग नूडल्स. इथे भुरका मारायला हरकत नाही. कढीचा भुरका मारल्यावर घरी ओरडा खाल्लेल्यांनी मन मोकळं करावं. भुरक्याने नूडल्स थोड्या निवतात आणि वासही नाकापर्यंत पोचतो. चॉपस्टिक मात्र अन्नात उभ्या खोचू नका, ती अंत्यविधीची रीत आहे.

दाट रस्सा उरला तर भात मागवा (‘राइसु’) आणि त्यात कालवा. मला हा भाग नूडल्सपेक्षाही आवडतो. ‘तेन्का इप्पिन’च्या वाडग्याच्या तळाशी जपानीत लिहिलेलं असतं, ‘उद्याही तुमची वाट बघतो’. ते वाचायच्या नादात शेवटचा थेंब संपवावासा वाटतो, पण यात मीठ भरपूर असतं. रक्तदाबाचा त्रास असेल तर रस्सा खुशाल उरवा, कुणी काही म्हणत नाही.

बाहेर रांग असेल तर खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसू नये. काउंटरवर बसला असाल तर रिकामा वाडगा वरच्या फळीवर ठेवा, फडकं असेल तर समोरची जागा पुसून घ्या. टीप देत नाहीत. निघताना आतल्या माणसाकडे बघून ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणा, म्हणजे जेवणाबद्दल आभार. पातेल्यापाशी उभा असलेला माणूसही मान वर करून उत्तर देतो.