कॅम बदलल्यानंतर गाडीचे आयडलिंग कसे बसवावे

जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा, कॅमशाफ्ट (कॅम) बसवला की वरच्या आरपीएमला इंजिन खुलते. पण सिग्नलवर उभी असताना, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना (आयडलिंग), गाडी थरथरते, आरपीएम वरखाली होतो आणि कधी ती बंदही पडते. याचे मूळ ओव्हरलॅपमध्ये आहे. इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहिल्याने कमी आरपीएमला जळालेला वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो, ताज्या मिश्रणात मिसळतो आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्युम घटतो. मूळ कॅमवर मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) ३० ते ३५ किलोपास्कल दाखवत असेल, तर मोठ्या कॅमवर ५० च्या आसपासचा आकडा दिसणे स्वाभाविक आहे. म्हणून ८०० आरपीएमच्या आयडलचा हट्ट आधी सोडावा. रस्त्यावरच्या गाडीला ९०० ते १००० पुरेसे आहेत. पुढील पद्धत प्रोग्रॅम करता येणाऱ्या ईसीयूसाठी (इंजिन चालवणाऱ्या संगणकासाठी) आहे.

लॅपटॉप जोडण्यापूर्वी कॅम खुणेवर बसला आहे का, टॅपेट क्लिअरन्स कॅमच्या कागदावर दिल्याप्रमाणे आहे का आणि कुठे व्हॅक्युम लीक नाही ना, हे पाहून घ्यावे. ईसीयू दाखवतो तेच ठिणगीचे टायमिंग पुलीवर टायमिंग लाइटने दिसले पाहिजे. यात फरक असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

मग इंजिन पूर्ण गरम करून, आयडलची आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवून, आधी हवा बसवावी. केबलच्या थ्रॉटलमध्ये स्टॉप स्क्रूने बटरफ्लाय इतकेच उघडावे, की आयडल व्हॉल्व्हला (आयडलची हवा कमी-जास्त करणाऱ्या) दोन्ही बाजूंना हालचालीस जागा उरेल. स्क्रू हलवल्यावर थ्रॉटल सेन्सरचा शून्यबिंदू पुन्हा नोंदवावाच लागतो, अन्यथा पाय काढल्याचे ईसीयूला कळत नाही आणि आयडल नियंत्रण सुरूच होत नाही. बरेच जण हे विसरतात आणि दोष कॅमला देतात.

टायमिंग हा यातला सर्वांत उपयोगी भाग. मिसळलेला जुना वायू ज्वलन मंदावतो, त्यामुळे ठिणगी लवकर द्यावी लागते. १८ ते २२ अंशांपासून सुरुवात करावी. ईसीयूच्या टायमिंगच्या तक्त्यात आयडलच्या आसपासच्या चौकोनांत सारखाच आकडा ठेवावा आणि आरपीएम १०० ने पडल्यास तीन-चार अंश वाढवावेत, चढल्यास तितकेच कमी करावेत. हवेचा व्हॉल्व्ह सावकाश चालतो, ठिणगी मात्र पुढच्याच स्ट्रोकला परिणाम दाखवते, म्हणून झटक्याची दुरुस्ती ठिणगीकडे आणि सावकाश दुरुस्ती हवेकडे सोपवावी.

इंधन शेवटी. ओव्हरलॅपमध्ये न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे निसटतो, ऑक्सिजन सेन्सर त्याला लीन (कमी पेट्रोलचे मिश्रण) समजतो आणि क्लोज्ड लूप, म्हणजे या सेन्सरवरून होणारी इंधनाची आपोआप दुरुस्ती, पेट्रोल वाढवतच राहतो. म्हणून आयडलला क्लोज्ड लूप बंद करून, मॅपचा आकडा सर्वांत कमी दिसेल ते मिश्रण शोधावे आणि त्याहून किंचित रिच (जास्त पेट्रोलचे) ठेवावे. प्लग काळे पडले तर ते जास्त झाले, आणि पीयूसीच्या आयडल चाचणीतही ते उघड होईल.

नागपुरात खरी कसोटी मे महिन्यात असते. सीताबर्डीच्या कोंडीत पारा ४५ च्या पुढे आणि एसी चालू, अशा वेळी इनटेकचे तापलेले धातू हवेच्या तापमानाच्या सेन्सरलाही तापवतात. ईसीयू हवा विरळ समजून पेट्रोल कापतो आणि क्लच सोडताच गाडी दम तोडते. यावर उपाय म्हणजे कमी हवाप्रवाहाच्या वेळी तापमानाची ही दुरुस्ती सौम्य करणे. एसीचा कॉम्प्रेसर आणि रेडिएटरचा पंखा लागण्याआधी हवा वाढवण्याची सोयही याच वेळी बसवावी. हे काम सकाळच्या गारव्यात नव्हे, दुपारीच करावे.

रस्त्यावर काढण्यापूर्वी आयडलवर ब्रेक चार-पाच वेळा पाठोपाठ दाबावा. पेडल कडक झाले तर ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्युम पुरत नाही. तेव्हा आयडल वाढवावे किंवा व्हॅक्युमची टाकी बसवावी, आणि तोवर गाडी गॅरेजच्या बाहेर नेऊ नये.