जुन्या रोड बाईकचं मागचं चाक सिंगल स्पीड करायचंय? आधी एक्सलवरच्या वायसरकडे बघा

जुन्या रोड बाईकला सिंगल स्पीड (एकाच गिअरची) करायचं म्हटलं की बहुतेक जण डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) काढतात, शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) काढतात, मागचा पाच-सहा चकत्यांचा फ्रीव्हील (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा दातेरी चकत्यांचा भाग) काढून एका चकतीचा लावतात, चेन तोडून छोटी करतात आणि झालं म्हणतात. सायकल चालते पण. फक्त चेन थोडी तिरकी पळत राहते, आवाज येतो, कधी खड्ड्यात उतरते, आणि चाक आतून अजून गिअरचंच राहतं. माझं म्हणणं असं की एवढं उघडलंच आहे तर अजून थोडा वेळ द्या आणि चाक नीट सिंगल स्पीडचं करून घ्या, कारण खरा फायदा तिथेच आहे.

पहिल्यांदा बघा की तुमचं चाक कुठल्या प्रकारचं आहे. जुन्या रोड बाईकला बहुतेक वेळा हबवर (चाकाच्या मधल्या भागावर, ज्यातून एक्सल म्हणजे आस जातो) आटे असतात आणि त्यावर अख्खा फ्रीव्हील फिरवून बसवलेला असतो. दुसरा प्रकार कॅसेटचा, त्यात कटकट करणारी यंत्रणा हबच्याच अंगात असते आणि चकत्या नुसत्या सरकवलेल्या असतात. कॅसेट असेल तर काम सोपं आहे, चकत्या काढा, एक चकती आणि दोन्ही बाजूंनी स्पेसर (जागा भरणाऱ्या कड्या) घाला, चेन सरळ येईपर्यंत स्पेसर इकडेतिकडे करा, संपलं. खाली सगळं आट्यांच्या हबबद्दल आहे.

अजून एक गोष्ट आधीच बघायची ती म्हणजे फ्रेमची मागची खाच, जिच्यात चाकाचा एक्सल बसतो. ती आडवी किंवा तिरपी लांबट असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच सरळ उभी असेल तर चेन ताणायला वेगळा टेन्शनर लागेल, त्याशिवाय जमेलच असं धरून चालू नका.

फ्रीव्हील काढणं. प्रत्येक जातीच्या फ्रीव्हीलला वेगळा रिमूव्हर (तो काढायचं हत्यार) लागतो, शिमानोचा आतून बारीक दात्यांचा, जुन्या सनटूरचा दोन किंवा चार खाचांचा. चुकीचा रिमूव्हर जबरदस्तीने घुसवू नका, खाचा एकदा गेल्या की फ्रीव्हील तोडूनच काढावा लागतो. रिमूव्हर बसवा, वरून क्विक रिलीजचा दांडा (पान्याशिवाय चाक सोडायला-आवळायला एक्सलमधून जाणारा) किंवा एक्सलचा नट हलका आवळून तो जागेवर धरून ठेवा म्हणजे सटकणार नाही, मग रिमूव्हर बेंच वाईसमध्ये पकडा आणि अख्खं चाक स्टिअरिंगसारखं धरून डावीकडे फिरवा. वर्षानुवर्षं पायांच्या जोराने आवळत गेलेला असतो, जोर लागतोच. एकदा सुटल्याचं जाणवलं की लगेच दांडा ढिला करा, नाहीतर फ्रीव्हील बाहेर यायला जागा मिळत नाही आणि दांड्यावर ताण येतो.

नवीन सिंगल फ्रीव्हील घेताना आटे तपासा. बहुतेक हबवर १.३७ इंच बाय २४ चे (इंचाला २४, यांनाच इंग्लिश म्हणतात) आटे असतात, बीएमएक्सचे (छोट्या कसरतीच्या सायकलींचे) नेहमीचे फ्रीव्हील त्यावर बसतात. पण जुन्या फ्रेंच हबवर ३४.७ मिमीचे मेट्रिक आटे असू शकतात, त्यावर इंग्लिश फ्रीव्हील ठोकून बसवला तर हबच जातो. हाताने तीन-चार वेढे सहज जायला पाहिजेत, अडला तर थांबा. बसवायच्या आधी आट्यांना ग्रीस भरपूर लावा. आणि चेनची जाडी बघून घ्या, रुंद चेन १/८ इंचाची आणि गिअरवाल्यांची ३/३२ ची, १/८ च्या चकतीवर ३/३२ ची चेन बसत नाही, उलट मात्र चालतं.

दात किती घ्यायचे? पुढे ४२ दातांची चेनरिंग (पेडलजवळची मोठी चकती) असेल, जी जुन्या दुहेरी क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर, दोन चेनरिंगवाल्या) आतल्या बाजूला बऱ्याचदा असते, तर मागे १६ घेतले की एका पेडल फेरीत सायकल साधारण साडेपाच मीटर जाते, म्हणजे मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी २६ किमीच्या आसपास. सपाट रस्त्याला हे छान. चढ असतील तर सरळ १८ घ्या, गुडघे महत्त्वाचे आहेत.

आता मुख्य काम. गिअरच्या हबमध्ये उजवीकडे चकत्यांच्या थप्पीला जागा पाहिजे म्हणून एक्सलवर त्या बाजूला जास्त वायसर आणि स्पेसर असतात, त्यामुळे हब फ्रेमच्या मध्यापासून डावीकडे सरकलेला असतो आणि रिम मध्यावर आणायला उजवे आरे खूप ताणलेले आणि डावे ढिले असतात. आता थप्पी नाही, एकच चकती आहे, मग ती जागा कशाला ठेवायची? उजवीकडचे वायसर काढून डावीकडे घाला, हब उजवीकडे सरकतो, चकती बाहेर येते, दोन्ही बाजूंच्या आऱ्यांचा ताण जवळजवळ सारखा होतो आणि चाक आधीपेक्षा मजबूत होतं. मला या सगळ्या उद्योगातला हाच भाग सगळ्यात आवडतो, एक पैशाचा नवीन पार्ट न लावता चाक सुधारतं.

किती सरकवायचं ते मोजून ठरवा, अंदाजाने नको. पुढचं आणि मागचं माप सारखं आलं की चेन सरळ पळते. पुढे, सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) मध्यापासून चेनरिंगच्या दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या (ट्यूबच्या कडेपासून मोजून त्यात ट्यूबची अर्धी जाडी मिळवा, जुन्या स्टीलच्या फ्रेमला ती ट्यूब बहुतेक २८.६ मिमीची असते). मागे, दोन्ही लॉकनटच्या (एक्सलवरच्या सगळ्यात बाहेरच्या, हबला धरणाऱ्या नटांच्या) बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा, पाच चकत्यांच्या हबला ते १२० मिमी आणि सहा-सात वाल्याला १२६ असतं. त्याच्या निम्म्यातून उजव्या लॉकनटपासून चकतीच्या दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर वजा करा. समजा १२६ चा हब आहे, निम्मे ६३, लॉकनट ते दात २४ मिमी, म्हणजे मागे ३९ आले. पुढे ४२ आले असतील तर उजवीकडून ३ मिमीचे वायसर काढून डावीकडे घाला. एकूण माप तेवढंच राहतं म्हणून फ्रेमला हात लावावा लागत नाही. एखाद्या मिमीचा फरक राहिला तरी चालतो. फरक जास्तच असेल तर चेनरिंग क्रँकच्या आतून-बाहेरून बदलून बघा, त्यात साधारण ५ मिमी मिळतात, पण एकच रिंग ठेवणार असाल तर छोटे बोल्ट लागतील.

हब उघडताना खाली कापड अंथरा, छर्रे घरंगळतात. मागच्या हबमध्ये बहुतेक प्रत्येक बाजूला पाव इंची ९ असतात, मोजून ठेवा, उघडलंच आहे तर पुसून नवीन ग्रीस भरा, आणि छर्र्यांवर खड्डे दिसले तर नवेच टाका. आधी उजवी बाजू नव्या वायसरच्या हिशोबाने लावून कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा नट) आणि लॉकनट घट्ट करा, एक्सल दोन्हीकडे सारखा बाहेर आला पाहिजे. क्विक रिलीजचा पोकळ एक्सल लॉकनटच्या बाहेर ५ मिमीच्या आसपास पाहिजे, फ्रेमच्या खाचेच्या जाडीपेक्षा जास्त बाहेर आला तर दांडा कितीही आवळा, चाक पकडणार नाही. मग डावीकडे कोन बसवून प्ले (एक्सलचा ढिलेपणा) काढा. क्विक रिलीजमध्ये अगदी किंचित प्ले ठेवा, दांडा आवळल्यावर तो जातो.

आता रिम उजवीकडे गेलेली दिसेल, तेवढीच डावीकडे आणायची. जुन्या निपलना (आऱ्यांच्या रिमकडच्या टोकावरच्या छोट्या नटांना) आधी तेलाचा एकेक थेंब देऊन थोडा वेळ थांबा. मग सगळे उजवे आरे अर्धा वेढा ढिले, सगळे डावे अर्धा वेढा घट्ट, व्हॉल्व्हपासून सुरू करून पूर्ण फेरी. चाक फ्रेममध्ये घालून ब्रेक पॅडपासूनचं अंतर बघा, मग चाक उलटं करून घालून परत बघा, दोन्ही वेळा रिम एकाच जागी आली की ती मध्यावर आहे. घाई करू नका, शेवटी पाव-पाव वेढ्याने आउट (रिमचं डावी-उजवीकडे डुलणं) काढा. डाव्या आऱ्यांची टोकं निपलच्या बाहेर आली असतील तर घासून सपाट करा नाहीतर ट्यूब पंक्चर होते.

एक कळकळीची सूचना. या हबवर फ्रीव्हीलच्या जागी फिक्स गिअरची चकती (जिच्यात चाक फिरतं तोवर पेडल फिरतच राहतं) कधीच लावू नका. खऱ्या फिक्स हबला उलट्या आट्यांची लॉकरिंग (चकती जागेवर धरणारी कडी) असते, याला ती नसते, आणि पाय मागे दाबून वेग कमी करायला गेलात की चकती सुटत जाते, नेमकं थांबायचं असताना. फ्रीव्हील लावा आणि पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक ठेवा. रिम हलली आहे म्हणून मागचे पॅड परत लावून घ्या, टायरला घासता कामा नयेत.

चेन एवढी ठेवा की एक्सल खाचेच्या साधारण मधोमध येईल. मग चाक मागे ओढा, पेडल फिरवत चेन कुठे सगळ्यात घट्ट होते ते शोधा आणि त्या जागी मध्यावर बोटाने दाबल्यावर सेंटिमीटरभर वरखाली हलेल एवढा सैलपणा ठेवा. ताठ तारेसारखी ओढली तर बेअरिंग खाते. नटचा एक्सल असेल तर दोन्ही नट कसून आवळा, क्विक रिलीज असेल तर जुन्या बंद कॅमचा (आवळणारा भाग आत झाकलेला) स्टीलचा दांडाच वापरा, हलका उघड्या कॅमचा आडव्या खाचेत जोर लावला की सरकतो, चाक उजवीकडून पुढे ओढलं जातं आणि टायर डाव्या बाजूला फ्रेमला घासायला लागतो. पहिल्या राईडमध्ये आऱ्यांमधून टिंग टिंग आवाज येईल, ते पीळ सोडतात, थोडं फिरून आल्यावर आउट परत एकदा बघा आणि नट पुन्हा आवळा.