लूपर मिक्सरला जोडल्यावर शिट्टी का येत होती : माझा अनुभव

पंचवटीत घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी आवाज, पेटी आणि संबळ यांचे थर एकावर एक चढवत गातो. लूपर पेडल (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवणारं यंत्र) मिक्सरच्या ऑक्स १ वर, म्हणजे आवाज बाहेरच्या यंत्राकडे पाठवणाऱ्या वेगळ्या वाटेवर, लावलं होतं आणि त्याचं आउटपुट चॅनल ५ मध्ये परत घेतलं होतं. पण चॅनल ५ चा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) जरा वर नेला, की आवाज फुगत जायचा आणि मग कान फाडणारी शिट्टी. मला तो माइकचा फीडबॅक वाटला, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरतोय असं. दोन आठवडे माइकच्या जागा बदलल्या. शेवटी माइकची वायरच काढली, तरी शिट्टी तशीच!

मग चॅनल ५ वरच्या ऑक्स १ च्या नॉबकडे लक्ष गेलं. तो अर्धा उघडा होता. पेडलमधून आलेला आवाज पुन्हा पेडलमध्येच जात होता. ऑक्स १ पोस्ट-फेडर असल्यामुळे, म्हणजे त्यात फेडरमधून पुढे आलेलाच आवाज जात असल्यामुळे, फेडर खाली असेपर्यंत हे चक्र तुटलेलं राहायचं, म्हणून चूक सापडत नव्हती. तो नॉब पूर्ण बंद केला आणि शिट्टी गेली. त्या संध्याकाळी मी जेवायलाही खाली उतरलो नाही.

गाताना माझा आवाज पोकळ लागायचा, कारण थेट आवाजासोबत तोच पेडलमधूनही किंचित उशिरा यायचा. म्हणून पेडलच्या सेटिंगमधला ड्राय आवाज (पेडलमधून जसाच्या तसा पुढे जाणारा मूळ आवाज) बंद केला.

रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) आता ऑक्स २ वर आहे. लूपमध्ये कोरडा, बिनघुमाऱ्याचा आवाज भरतो, त्यामुळे चौथ्या थरालाही संबळाची काठी स्पष्ट ऐकू येते.