चार कॅमेरे, एक प्रॉक्सी

नागपुरात इतवारीतील आमच्या दुकानात टीव्ही आणि दोन मोबाईल एकाच वेळी थेट कॅमेऱ्याला जोडले, की गल्ल्यावरचे चित्र अडखळत असे, कारण प्रत्येक पाहणाऱ्याला कॅमेरा चित्राचा वेगळा प्रवाह पाठवतो.

यासाठी दुकानातल्या जुन्या संगणकावर ‘मीडियाएमटीएक्स’ हा मोफत सर्व्हर बसवावा, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याला इंग्रजी लिपीत छोटे नाव देऊन त्याखाली त्याचा आरटीएसपी पत्ता (rtsp:// ने सुरू होणारा, थेट चित्र मागवण्याचा पत्ता) लिहावा आणि सर्व उपकरणांवर कॅमेऱ्याऐवजी या संगणकाचा पत्ता, ८५५४ हा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) व ते नाव भरावे. मग कॅमेऱ्याकडून एकच प्रवाह येतो आणि वाटप संगणक करतो; अशा मध्यस्थालाच प्रॉक्सी म्हणतात. स्वस्त कॅमेऱ्यांना याचा फारच आधार होतो.

हा पोर्ट राउटरवरून इंटरनेटला मात्र उघडू नये. घरून पाहायचे असल्यास व्हीपीएन (दुकानाच्या नेटवर्कशी सुरक्षित खासगी जोडणी) वापरावे.